शोध घेणारे आणि शोध लावणारे : एका खनिज-भागीदारीची कथा

मराठीत 'शोध' हा शब्द एकच आहे. पण त्याला 'घेणे' हे क्रियापद जोडले की एक अर्थ होतो आणि 'लागणे' किंवा 'लावणे' जोडले की दुसरा. शोध घेणारा अजून अंधारात असतो, शोध लावणारा प्रकाशात आलेला असतो. पहिल्याचे नाव सहसा कोणाला ठाऊक नसते, दुसऱ्याचे पाठ्यपुस्तकात जाते. एका क्रियापदापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचायला किती काळ, किती पैसा आणि किती माणसे लागतात, याचा हिशेब आपल्या भाषेने ठेवलेला नाही. हा हिशेब ज्या व्यवसायात अक्षरशः कागदावर मांडला जातो, त्या व्यवसायाचा थोडा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावा, असा आमचा विचार आहे. हा व्यवसाय म्हणजे तांबे, जस्त, शिसे, निकेल यांसारख्या धातूंचा शोध घेणाऱ्या छोट्या कंपन्यांचा, खाणउद्योगाच्या परिभाषेत 'ज्युनिअर' म्हटल्या जाणाऱ्या कंपन्यांचा. साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु या कंपन्या बाजारात जे विकतात ते प्रामुख्याने कथनच असते, आणि कथनाची विश्वासार्हता हा तर आपला नित्याचा प्रश्न आहे.

प्रथम थोडे शब्दांविषयी. सोन्याचांदीला 'नोबल' म्हणजे कुलीन आणि तांबे-जस्त-शिशाला 'बेस' म्हणजे हीन ठरवणारी वर्णव्यवस्था युरोपातील किमयागारांच्या काळापासून चालत आली. किमया मागे पडली, 'बेस मेटल्स' हे नाव मात्र राहिले. विजेच्या तारा, जहाजांचे पत्रे, विद्युतघट हे सारे या हीन धातूंवर उभे आहे. सोन्याचा एखादा समृद्ध पट्टा छोट्या प्रमाणावरही खोदता येतो. तांब्या-निकेलाची खाण मात्र कोट्यवधी टन खडक, रस्ता, बंदर आणि भट्टी यांच्याशिवाय उभी राहत नाही. म्हणजेच हे धातू शोधणे एकवेळ लहान माणसाच्या आवाक्यात असते, काढणे कधीच नसते. ज्युनिअर कंपनीचा जन्म या विषमतेतून झाला आहे.

कॅनडात या प्रथेचे मूळ शिध्याच्या करारात आहे. रानावनात खडक तपासत हिंडणाऱ्या शोधकाला गावातला दुकानदार पीठ, डाळी, खारवलेले मांस, कुदळ आणि दारूगोळा द्यायचा. काही सापडलेच तर त्यात दुकानदाराचा हिस्सा. विसाव्या शतकात या दुकानदाराची जागा टोरांटो आणि व्हँकुव्हर येथील शेअरबाजारांनी घेतली. आता शिधा देणारे हजारो अनोळखी भागधारक झाले. ज्युनिअर कंपनीपाशी खाण नसते, उत्पन्न नसते. तिच्यापाशी एखाद्या भूभागावर नोंदवलेला दावा, एक-दोन भूवैज्ञानिक आणि या जमिनीखाली काय असू शकेल याविषयीचे एक अनुमान एवढेच असते. अशी शेकडो अनुमाने वाया जातात तेव्हा एखादे खरे ठरते. पैसा संपत आला की कंपनी नवे शेअर काढते किंवा भागीदार शोधते.

ही भागीदारी, म्हणजे 'जॉइंट व्हेंचर', समजून घेताना आपल्याकडील अर्धेलीच्या शेतीची आठवण येते. जमीन एकाची, बियाणे आणि कष्ट दुसऱ्याचे, पीक वाटून. येथेही दावा ज्युनिअरच्या नावावर असतो आणि मोठी कंपनी खर्च करून हिस्सा मिळवते. नमुन्यादाखल असे समजा, की चार वर्षांत ठरलेली रक्कम शोधकार्यावर खर्च केली तर मोठ्या कंपनीला 51 टक्के मालकी, आणि पुढे खाण परवडेल की नाही याचा संपूर्ण अहवाल स्वखर्चाने सिद्ध केला तर 70 टक्के. त्यानंतर खर्च दोघांनी आपापल्या प्रमाणात करायचा. जो आपला वाटा भरू शकत नाही त्याचा हिस्सा घटत जातो, आणि फारच घटला तर तो मालक न राहता केवळ स्वामित्वधनाचा धनी उरतो. अर्धेलीत जमीन मूळ मालकाचीच राहते. येथे मात्र खणणाऱ्याकडे मालकीच सरकते. आपल्या कूळकायद्याच्या घोषणेचीच ही एक विपरीत आवृत्ती म्हणावी लागेल, कारण येथे कसणारा गरीब नसून श्रीमंत आहे.

या व्यवस्थेत दोघांचीही सोय असते. ज्युनिअरला आपले थोडे भांडवल चार-पाच ठिकाणी विभागता येते आणि एखादे ठिकाण फसले तरी बुडण्याची भीती कमी होते. मोठ्या कंपनीला दुसऱ्याच्या कल्पकतेवर मर्यादित पैसा लावता येतो. किंबहुना ही संपत्तीची वाटणी नव्हेच. ही अनिश्चिततेची वाटणी आहे. आणि अनिश्चितता वाटून घ्यायची तर तिचे वर्णन लिहावे लागते. येथे मजकुराचा प्रवेश होतो.

जमिनीखालच्या खडकाविषयी लिहिणे हा एक चमत्कारिक लेखनप्रकार आहे. लेखकाने वस्तू पाहिलेली नसते, वाचक ती पाहणार नसतो, आणि तरीही लेखनावर पैसा उभा राहतो. त्यातला एकमेव प्रत्यक्ष पुरावा म्हणजे हिरेजडित टोकाच्या यंत्राने शेकडो मीटर खोल छिद्र पाडून वर काढलेला खडकाचा दंडगोल, ज्याला 'गाभा' म्हणतात. हा गाभा उभा चिरून अर्धा कस पाहण्यासाठी प्रयोगशाळेत पाठवतात आणि अर्धा पेटीत जपून ठेवतात. हा जपलेला अर्धा भाग म्हणजे मूळ पोथीच. पुढे कोणाला पाठाविषयी शंका आली तर ती उघडून पाहता यावी, हा उद्देश. या लेखनप्रकारात कोणकोणते दोष संभवतात, हे दोन प्रकरणांतून स्पष्ट होते.

पहिले प्रकरण ऑन्टॅरिओ प्रांतातील टिमिन्स गावाजवळचे. नोव्हेंबर 1963 मध्ये टेक्सास गल्फ सल्फर या अमेरिकन कंपनीने तेथे पाडलेल्या पहिल्याच छिद्रात तांबे आणि जस्त यांचा विलक्षण समृद्ध थर लागला. पुढे किड क्रीक म्हणून जगप्रसिद्ध झालेली हीच खाण. कंपनीने मौन पाळले आणि भोवतालची जमीन मिळवली. 12 एप्रिल 1964 च्या निवेदनात तिने बाजारातील वार्ता अतिरंजित असल्याचे सांगितले आणि चारच दिवसांनी, 16 एप्रिलला, शोध जाहीर केला. दरम्यान आतल्या काही मंडळींनी शेअर घेऊन ठेवले होते. 1968 मधील अमेरिकन अपील न्यायालयाचा या प्रकरणातील निर्णय आतल्या माहितीवर होणाऱ्या व्यवहारांच्या कायद्यात आजही पायाभूत मानला जातो.

किड क्रीकच्या बातमीने टिमिन्सच्या परिसरात दाव्यांची झुंबड उडाली. त्यात व्हायोला मॅकमिलन आणि त्यांचे पती जॉर्ज यांची विंडफॉल ही छोटी कंपनी होती. व्हायोला या काही उपऱ्या नव्हत्या. शोधकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी तब्बल दोन दशके भूषवले होते. जुलै 1964 मध्ये विंडफॉलने एक छिद्र पाडले आणि ते मध्येच थांबवले. गाभ्याचा कस काय, हे कंपनीने सांगितले नाही. तिने काहीच सांगितले नाही, म्हणून लोकांनी सगळे गृहीत धरले. साठ सेंटांच्याही खाली असलेला शेअर तीन आठवड्यांत पाच डॉलरांपलीकडे गेला. महिनाअखेर कंपनीने गाभ्यात काही नसल्याचे कबूल केले आणि तो एका डॉलरखाली कोसळला. न्यायमूर्ती आर्थर केली यांच्या चौकशी आयोगाने 1965 मध्ये अहवाल दिला, प्रांताचा शेअरविषयक कायदा नव्याने लिहिला गेला. मॅकमिलन दांपत्य फसवणुकीच्या आरोपातून पुढे निर्दोष सुटले. व्हायोलांना वेगळ्याच शेअरांच्या कृत्रिम उलाढालीबद्दल अल्प कारावास घडला, आणि नंतर माफी व राष्ट्रीय सन्मानही लाभला. आमच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा हा, की येथे एकही खोटे वाक्य लिहिले गेले नव्हते. मौनाचेच कथन झाले होते.

दुसरे प्रकरण सोन्याचे असल्यामुळे आपल्या विषयाच्या सीमेवरचे आहे, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. कॅलगरीच्या ब्रे-एक्स कंपनीने 1990 च्या दशकात बोर्निओतील बुसांग येथे प्रचंड सुवर्णसाठा असल्याचे सांगितले; कंपनीचे बाजारमूल्य सहा अब्ज कॅनेडियन डॉलरांवर गेले. या कंपनीने अर्धा गाभा जपण्याची रीत पाळली नाही, जवळजवळ सगळाच दळून टाकला. म्हणजे पोथी नष्ट करून केवळ प्रत बाजारात आणली. फेब्रुवारी 1997 मध्ये फ्रीपोर्ट-मॅकमोरान ही मोठी कंपनी भागीदार झाली आणि तिने ब्रे-एक्सच्या छिद्रांशेजारीच आपली छिद्रे पाडली. त्यांत सोने नगण्य होते. मार्चमध्ये प्रकल्पाचे भूवैज्ञानिक मायकेल डी गुझमन हेलिकॉप्टरमधून खाली पडून मरण पावले; मे महिन्यात स्वतंत्र तपासणीने नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे सिद्ध केले. 2001 पासून कॅनडात अशा प्रत्येक अहवालामागे जबाबदार, पात्र तज्ज्ञाची सही बंधनकारक झाली. पण त्याआधी खोटेपणा उघड केला तो भागीदाराने. भागीदारी ही दुसऱ्या वाचकाची सोय आहे, आणि हा दुसरा वाचक लेखकाच्या शब्दावर न विसंबता मूळ संहितेपर्यंत जातो, ही तिची खरी उपयुक्तता बुसांगने दाखवली.

एका कथनात मौन होते, दुसऱ्यात बनावट. आता तिसऱ्या आणि आमच्या मते सर्वांत विचार करायला लावणाऱ्या प्रकरणाकडे वळू. कारण त्यातले कथन शब्दशः खरे होते.

कॅनडाच्या ईशान्य टोकाला लॅब्राडॉर आहे. तेथील नेन या वस्तीच्या नैर्ऋत्येस सुमारे 35 किलोमीटरवर एक उपसागर आहे. व्हॉइझी या व्यापारी कुटुंबावरून त्याला व्हॉइझीज बे म्हणतात. सप्टेंबर 1993 मध्ये अल्बर्ट चिझ्लेट आणि ख्रिस व्हर्बिस्की हे न्यूफाउंडलंडचे दोन शोधक तेथे हिंडत होते. त्यांची आर्कियन रिसोर्सेस ही लहानशी कंपनी डायमंड फील्ड्स रिसोर्सेस या व्हँकुव्हरच्या ज्युनिअर कंपनीसाठी काम करत होती, आणि नावाप्रमाणेच शोध चालला होता हिऱ्यांचा. एका टेकडीवर त्यांना तांबूस गंजलेला खडक दिसला. गंधकयुक्त खनिजे हवापाण्याने कुजली की असा लोहगंज वर दिसतो. गंमत अशी, की या गंजाची नोंद प्रांतिक सरकारच्या भूवैज्ञानिकांच्या 1980 च्या दशकातील नकाशाकामात आधीच होती. अक्षरे कागदावर होती, ती कोणी वाचली नव्हती.

1994 च्या शरदात छिद्रण सुरू झाले आणि दुसऱ्याच छिद्रात निकेल-तांब्याचा जाड थर लागला. 1995 च्या आरंभी अंडाकृती अशा एका मोठ्या साठ्याचा पत्ता लागला: सुमारे तीन कोटी टन, त्यात जवळपास 2.8 टक्के निकेल आणि 1.7 टक्के तांबे, शिवाय थोडा कोबाल्ट. आणि हे सारे पृष्ठभागाजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. एप्रिल 1995 मध्ये टेक या कंपनीने 10.8 कोटी कॅनेडियन डॉलर देऊन डायमंड फील्ड्सचा सुमारे दहावा हिस्सा घेतला. जूनमध्ये निकेलच्या जागतिक बाजारातील मातब्बर इन्को 25 टक्क्यांची भागीदार झाली. 1996 मध्ये फाल्कनब्रिज या प्रतिस्पर्ध्याने संपूर्ण कंपनीसाठी बोली लावताच इन्कोने ती वाढवली आणि 4.3 अब्ज कॅनेडियन डॉलरांना डायमंड फील्ड्स विकत घेतली. एकही टन खनिज न काढता ज्युनिअरची कथा तीन वर्षांत पूर्ण झाली. दोघा शोधकांच्या कंपनीकडे 3 टक्के स्वामित्वधनाचा हक्क राहिला. शिध्याच्या जुन्या कराराचे हे विसाव्या शतकाच्या अखेरचे रूप.

येथे बहुतेक व्यापारी इतिहास पूर्णविराम देतात. परंतु शोध लागला तो नेमका कोणाच्या जागेत, हा प्रश्न त्यांत येत नाही. इनू लोक या स्थळाला एमिश म्हणतात, इनुइट लोक तासिउयात्सोआक. दोन्ही समाज पिढ्यान् पिढ्या तेथे कॅरिबू, सील आणि मासे यांवर जगत आले. त्यांनी ही भूमी कोणत्याही तहाने कोणाला दिलेली नव्हती. त्यांचे हक्काचे दावे सरकारदरबारी 1970 च्या दशकापासून पडून होते. कंपन्यांच्या करारांत टक्केवारी दशांशापर्यंत नोंदलेली होती, त्यात या दोन नावांपुढे आकडा नव्हता; नावेच नव्हती.

फेब्रुवारी 1995 मध्ये, म्हणजे शेअरबाजारात आनंदोत्सव सुरू असताना, इनूंनी शोधछावणीवर जाऊन कंपनीला निघून जाण्याची नोटीस बजावली. कडाक्याच्या थंडीत पोलिसांसमोर सुमारे दोन आठवडे हा पेच चालला. 1997 मध्ये तात्पुरता रस्ता आणि धावपट्टी यांचे बांधकाम हाती घेतले गेले. कंपनीच्या मते ते शोधकार्याचाच भाग होते. 'शोध' या शब्दाची व्याप्ती किती, हाच वाद झाला म्हणायचा. दोन्ही समाजांनी मिळून निदर्शने केली, न्यायालयात धाव घेतली, आणि सप्टेंबर 1997 मध्ये न्यूफाउंडलंडच्या अपील न्यायालयाने पर्यावरणीय छाननीपूर्वी हे बांधकाम करण्यास मनाई केली. छाननीसाठी नेमलेले मंडळ केंद्र सरकार, प्रांत, इनू आणि इनुइट या चौघांच्या सहमतीने स्थापन झाले होते. त्याच्या 1999 च्या अहवालाने खाणीला सशर्त मान्यता सुचवली. दोन्ही समाजांशी करार ही त्यांतली एक प्रमुख अट.

वाटाघाटींतील एक मुद्दा समुद्रावरील बर्फाचा होता. कंपनीच्या दृष्टीने बर्फ हा जहाजाच्या मार्गातील अडथळा. इनुइटांच्या दृष्टीने तोच हिवाळ्यातला रस्ता. बर्फफोडे जहाज गेले की शिकाऱ्यांची वाट दुभंगते. एकाच पृष्ठभागाची ही दोन वाचने. अखेर बर्फ धरू लागण्याच्या व वसंतातल्या काळात जहाजे थांबवणे आणि एरवी जहाजाने चिरलेली वाट ओलांडण्याची सोय करणे, अशा तपशिलांपर्यंत करार गेला. 2002 च्या उन्हाळ्यात इनू आणि इनुइट यांनी मतदानाने आपापले करार मान्य केले, प्रांताशीही समझोता झाला. त्याच वर्षी इन्कोने या मालमत्तेचे हिशेबी मूल्य दीड अब्ज अमेरिकी डॉलरांहून अधिक रकमेने घटवले. 1996 ची किंमत ठरवताना जे कोणी वाचलेच नव्हते, त्याची किंमत आता जमाखर्चात उमटली. केवळ या विलंबामुळेच ती घट झाली असे आम्ही म्हणणार नाही. निकेलचे भाव आणि प्रांताचा धातुशुद्धीचा आग्रह ही कारणेही होतीच. 2005 मध्ये खाण सुरू झाली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात लॅब्राडॉरच्या इनुइटांचा भूमिकरार अमलात येऊन नुनात्सिआवुत हा त्यांचा स्वशासित प्रदेश अस्तित्वात आला. 2006 मध्ये इन्को ब्राझीलच्या वाले कंपनीने विकत घेतली. 2021 पासून तेथे भूमिगत खाणकामही सुरू झाले.

हे करार आदर्श होते, असा आमचा दावा नाही. अनिच्छेने पत्करलेली तडजोड असे त्यांचे स्वरूप अनेकांनी सांगितले आहे, आणि सर्वांनी त्यांच्या बाजूने मत दिले नव्हते. तथापि इतिहास लिहिणाऱ्याला त्यातून एक गोष्ट घेता येते. भागीदारीचा पहिला करार 1990 च्या दशकातला असला, तरी ज्यांच्या पायाखाली हा धातू होता ते सहीकर्ते झाले 2002 मध्ये. खऱ्या अर्थाने 'जॉइंट' म्हणता येईल असा उपक्रम व्हायला शोधानंतर नऊ वर्षे लागली. ही नऊ वर्षे उशीर म्हणून मोजायची की पूर्तता म्हणून, यावर आपण लिहितो तो इतिहास कोणाचा, हे ठरते.

भारतातही 2023 च्या कायदादुरुस्तीने तांबे, जस्त, निकेल यांसारख्या खनिजांसाठी स्वतंत्र शोध-परवान्याची तरतूद झाली, आणि ज्युनिअर कंपन्यांनी यावे ही त्यामागची उघड अपेक्षा आहे. म्हणजे ही कथने आता आपल्या भाषांतही लिहिली जातील. त्यांचे अहवाल, जनसुनावणीचे मसुदे, ग्रामसभेपुढचे ठराव कोणीतरी मराठीतही मांडील. तेव्हा भाषेच्या विद्यार्थ्याने ते अर्थशास्त्राच्या माणसांवर सोडून देऊ नयेत. मजकुरात काय न सांगता सोडले आहे, मूळ संहिता जपली आहे की दळून टाकली आहे, आणि जागेची किती नावे त्यात आली आहेत, हे प्रश्न विचारण्याचे शिक्षण आपल्याच वर्गांत दिले जाते.

चिझ्लेट आणि व्हर्बिस्की यांनी शोध लावला, हे विधान खरे आहे आणि त्यांच्या नजरेचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. पण 'शोध लागला' असे म्हणताना मराठी वाक्यरचना कर्त्याला मागे ठेवते, हेही येथे उपयोगी पडते. एमिशला लोहगंज होताच, नकाशात नोंद होतीच, माणसे राहत होतीच. कोणी आधी पाहिले, कोणी वाचले, कोणाला विचारले नाही, हे त्या कर्तृहीन वाक्याच्या मागे जाऊन लिहिणे हेच इतिहासलेखकाचे काम.